श्यान अवमंदकाचे संगणकीय प्रतिरूप : एका रूढ सुलभीकरणाची चिकित्सा

भूकंपाचा आघात सोसण्यासाठी इमारतीत बसविलेला द्रवयुक्त अवमंदक संगणकाच्या आराखड्यात एका लहानशा चिन्हाने दर्शविला जातो. चिन्ह साधे म्हणून त्यामागील गृहीतकेही निरुपद्रवी असावीत, असा समज अभ्यासकांत सहज रुजतो. तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

अवमंदकाचे बल म्हणजे अवमंदनांक व वेगाचा विशिष्ट घात यांचा गुणाकार होय. इमारतींतील अवमंदकांत हा घातांक पुष्कळदा १ पेक्षा कमी ठेवतात. हेतू हा की, वेग वाढला तरी बल बेसुमार वाढू नये. तथापि गणित सुलभ व्हावे म्हणून एका ठरावीक आयामाशी ऊर्जाव्यय जुळवून त्याच्या जागी रेषीय अवमंदक योजण्याची रूढी आहे. घातांक ०.५ असता, वारंवारता तीच ठेवून आयाम दुप्पट केला, तर प्रत्येक आवर्तनातील खरा ऊर्जाव्यय सुमारे २.८३ पट होतो. रेषीय प्रतिरूप तो ४ पट दाखविते. अर्थात अपेक्षेहून मोठा धक्का बसतो नेमक्या त्याच वेळी हे प्रतिरूप सुमारे ४१ टक्के अधिक ऊर्जाव्ययाची ग्वाही देते.

दुसरा दोष आधाराच्या विस्मरणाचा. अवमंदक ज्या तिरप्या पोलादी बंधाला जोडलेला असतो, तो बंधही ताणला जातो. मॅक्सवेलच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रतिरूपात स्प्रिंग व अवमंदक एकामागोमाग जोडून याची दखल घेतली जाते. साप २००० व ओपनसीस या आज्ञावल्यांत तशी सोय आहे. अवमंदक रेषीय असून त्याचा अवमंदनांक व स्प्रिंगची ताठरता यांच्या गुणोत्तरास कोनीय वारंवारतेने गुणिले असता १ येत असेल, तर त्याच एकूण विस्थापनाला ऊर्जाव्यय निम्माच उरतो. बंध पूर्णतः ताठर मानणारा अभ्यासक हा निम्मा भाग कागदावरच मिळवितो.

तिसरी चूक एककांची. वेग मीटरऐवजी मिलिमीटरमध्ये मोजावयाचा झाल्यास, घातांक ०.५ असता, अवमंदनांकास १००० ने नव्हे, तर १००० च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे ३१.६ ने भागावे लागते. आज्ञावली आकडा स्वीकारते. तो योग्य की अयोग्य, हे तिला ठाऊक नसते.

प्राथमिक आखणीपुरते रेषीय प्रतिरूप त्याज्य नाही. अंतिम निर्णय मात्र त्यावर सोपविणे समर्थनीय नव्हे. एकट्या अवमंदकास ज्ञात आवर्ती विस्थापन देऊन बल-विस्थापनाचे वर्तुळ हाताने केलेल्या गणिताशी ताडून पाहावे. एवढ्या अल्प श्रमाने एककांची चूक तत्काळ उघडी पडते, आणि इमारतीची सुरक्षितता कोणत्या गृहीतकावर उभी आहे, हेही अभ्यासकास कळून येते.