क्रमाचे मोल : 'कॉल ऑफ द व्हॅली' आणि विकत घेतलेले संगीत

शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी, ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार आणि माणिकराव पोपटकर यांचा तबला यांतून साकारलेली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका १९६७ सालची. तिची निर्मिती जी. एन. जोशी यांची. भावगीतगायक म्हणून मराठी रसिकांना परिचित असलेल्या जोशींनी ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायातही दीर्घकाळ काम केले. काश्मीरच्या दरीतील एका मेंढपाळाचा एक दिवस, एवढीच या मुद्रिकेची कल्पना. प्रातःकाळचे अहिरभैरव व नटभैरव, उतरत्या दुपारचा पिलू, सांजेचा भूप, रात्रीचा देस आणि अखेरीस पहाडी असा तिचा क्रम आहे. हिंदुस्थानी संगीतातील राग-समयाचा संकेत येथे केवळ पाळला गेला नाही, तर तोच कथानक झाला आहे. शब्द नसतानाही श्रोत्याला दिवस सरत असल्याची जाणीव होते, ती या क्रमामुळे.

संगीताचे अल्बम विकत घ्यावेत की स्ट्रीमिंग सेवांवर ऐकावेत, हा वाद बहुधा आवाजाच्या गुणवत्तेभोवती किंवा जुन्या दिवसांच्या हळव्या आठवणींभोवती फिरत राहतो. या मुद्रिकेच्या संदर्भात तो निराळा होतो. अल्बम विकत घेणारा पाच सुटे तुकडे घेत नाही, त्यांची मांडणी घेतो. एल. पी.ची पहिली बाजू पिलूवर संपते. सुई उचलली जाते, श्रोत्याला उठून तबकडी उलटावी लागते आणि दुसऱ्या बाजूवर भूप सुरू होतो. दुपार आणि सांज यांच्यामध्ये पडलेला हा विराम योजनेचा भाग होता की तबकडीच्या मर्यादेने घडवलेला योगायोग, हे गौण आहे. ऐकणाऱ्याच्या अनुभवात तो रचनेचाच अंश बनतो.

स्ट्रीमिंग सेवेच्या हिशेबात मात्र प्रत्येक रचना हे स्वतंत्र एकक असते. पहाडी 'निवांत वादन' अशा एखाद्या यादीत जाऊन पडते. तिच्या आधी कोणती रात्र होती, हे ऐकणाऱ्याला कळण्याचा मार्ग उरत नाही. २०२१ साली ॲडेल या ब्रिटिश गायिकेच्या विनंतीवरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरील क्रम विस्कटणारे ठळक बटण मागे घेतले. म्हणजे क्रम ही कलावंताची निर्मिती आहे, हे सेवेला समजावून सांगावे लागले. तेही अशा कलावंताने, जिचा शब्द टाळणे परवडणारे नव्हते. मेंढपाळाच्या वतीने कोण बोलणार?

येथे एक आक्षेप गंभीरपणे विचारात घ्यावा लागतो. अल्बम हीसुद्धा बाजाराचीच निर्मिती आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीने गायकांना सुमारे तीन-साडेतीन मिनिटांत राग आटोपायला लावले. १९४८ साली अमेरिकेत अवतरलेल्या एल. पी.ने प्रत्येक बाजूला वीस-बावीस मिनिटांचा अवकाश दिला, तरी तासाभराच्या ख्यालाच्या मानाने तो तोकडाच. उस्ताद अमीर खाँ यांचा मारवा एका बाजूला आणि दरबारी दुसऱ्या बाजूला असलेल्या एल. पी.ला रसिकांनी शिरोधार्य मानले. पण तो विस्तारही तबकडीने आखून दिलेलाच होता. याउलट आज आंतरजालावर अखंड मैफली ऐकता येतात, हा लाभ नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. शिवाय क्रमाची मोडतोड स्ट्रीमिंगपासूनच सुरू झाली असेही नाही. 'कॉल ऑफ द व्हॅली'च्या नंतरच्या सीडी-आवृत्तीत मूळ रचनांपुढे आणखी काही रचना जोडण्यात आल्या. दिवस संपून गेल्यावरही मुद्रिका चालूच राहिली. विकत घेतलेली वस्तू मूळ कृतीशी एकनिष्ठ असतेच असे नाही. ती कोणत्या आवृत्तीची आहे, हे पाहावे लागते.

तरीही विकत घेतलेल्या अल्बमबरोबर आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे नावे. १९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने गौहरजान यांचे गायन मुद्रित केले, तेव्हा गाण्याच्या शेवटी त्या स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारीत. तबकड्या जर्मनीत तयार होत असल्याने तेथील तंत्रज्ञांना ओळख पटावी, हे त्याचे कारण सांगितले जाते. कारण व्यावहारिक असले तरी परिणाम असा, की गाण्यापासून गाणारीचे नाव तोडणे अशक्य झाले. पुढे हे काम वेष्टनाच्या मागील मजकुराने केले. संवादिनीवर कोण, सारंगी कोणाची, राग व ताल कोणता, हे तेथे वाचून श्रोत्यांच्या कित्येक पिढ्या घडल्या. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर सहसा मुख्य कलावंताचे नाव आणि रचनेचे शीर्षक एवढेच ठळक दिसते. साथीदारांची नावे असलीच तर शोधावी लागतात. साथसंगतीचे श्रेय आधीच कृपणपणे देणाऱ्या आपल्या संगीतव्यवहारात ही हानी किरकोळ मानता येणार नाही.

मालकीचा मुद्दा थोडक्यात सांगता येतो. वर्गणी भरून उतरवून घेतलेली रचना वर्गणी असेपर्यंतच, त्याच ॲपमध्ये वाजते. रेसो आणि विंक म्युझिक या सेवा २०२४ साली भारतात बंद झाल्या, तेव्हा तेथे रचून ठेवलेल्या याद्यांचा आधारच नाहीसा झाला. तबकडीचे दुकानही बंद पडते. मुंबईच्या काळा घोडा भागातील ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालेच. परंतु तेथून घेतलेल्या तबकड्या घरोघरी वाजत राहिल्या.

मोबदल्याचा प्रश्न मात्र इतका सरळ नाही. स्ट्रीमिंग सेवांवरील उत्पन्न साधारणतः एकत्र करून एकूण श्रवणसंख्येच्या प्रमाणात वाटले जाते. त्यामुळे केवळ धृपद ऐकणाऱ्याच्या वर्गणीतला मोठा वाटा लोकप्रिय चित्रपटगीतांकडे जातो. स्पॉटिफायने तर २०२४ पासून, मागील बारा महिन्यांत १,००० वेळाही न ऐकल्या गेलेल्या रचनेला मोबदल्याच्या हिशेबातून वगळले. अप्रचलित राग मांडणाऱ्या तरुण गायकाला हा उंबरठा लहान नाही. पण जुन्या बाजारातून दुर्मीळ एल. पी. चढ्या भावाने घेणाऱ्या संग्राहकाचे पैसेही विक्रेत्यालाच मिळतात, कलावंताला नव्हे. संग्राहकाच्या अभिमानात हे सोयीस्करपणे विसरले जाते. खरेदीने कलावंताला आधार द्यायचा असेल, तर ती हयात कलावंताकडून किंवा त्याच्या वाट्याचा हिशेब ठेवणाऱ्याकडून व्हायला हवी. शुभा मुद्गल आणि अनीश प्रधान यांनी २००३ साली सुरू केलेल्या अंडरस्कोर रेकॉर्ड्समागे हाच विचार होता. २००८ पासूनच्या बँडकॅम्पवरही श्रोता अल्बम थेट विकत घेऊन कायमचा जवळ ठेवू शकतो. अशा डिजिटल खरेदीत तबकडी नसते, वेष्टनही नसते. पण कलावंताने लावलेला क्रम असतो, आणि जागरूक कलावंताने लिहिली असतील तर साथीदारांची नावेही.