नजर न हटवणारा कॅमेरा

‘ॲडोलेसन्स’ (२०२५) ही चार भागांची ब्रिटिश मालिका सुरू होते ती एका फुटकळ वाटणाऱ्या गोष्टीने. पोलिस अधिकारी ल्यूक बॅस्कम गाडीत सफरचंद खात मुलाचा निरोप ऐकतो आहे: पोट दुखतंय, शाळेत जायचं नाही. पुढच्या काही मिनिटांत त्याचे पथक मिलर कुटुंबाचे दार फोडून आत शिरते आणि १३ वर्षांच्या जेमीला खुनाच्या संशयावरून पकडते. या गदारोळात तो निरोप आपण विसरून जातो. पण जॅक थॉर्न आणि स्टीफन ग्रॅहम या लेखकांनी मालिकेचा विषय तिथेच पेरलेला असतो: मूल काहीतरी सांगते आहे आणि बाप ते अर्धवट ऐकतो आहे.

प्रत्येक भाग एकाच सलग शॉटमध्ये चित्रित झाला आहे, मध्ये कुठेही कट नाही. याला निव्वळ कसरत म्हणणे अन्यायाचे होईल. जेमीबरोबर पोलिस ठाण्यात पोचल्यावर नोंदणी, झडती, वकिलाची वाट पाहणे, यातले काहीच गाळले जात नाही. भागाच्या शेवटी सीसीटीव्हीचे चित्रण लावले जाते आणि ‘खून कोणी केला’ हे रहस्य तिथेच संपते. जेमीचा बाप एडी (स्वतः ग्रॅहम) मुलाच्या स्पर्शाने आधी अंग चोरतो आणि मग त्यालाच घट्ट मिठी मारतो. रहस्यकथेचा हुकमी एक्का पहिल्याच डावात टाकून द्यायला मोठी हिंमत लागते.

उरतो तो ‘का’. दुसऱ्या भागात पोलिस जेमीच्या शाळेत येतात आणि त्यांना काही केल्या सूर सापडत नाही. अखेर तिथेच शिकणारा बॅस्कमचा मुलगा ॲडमच बापाला बाजूला घेऊन मुलांच्या ऑनलाइन टिप्पण्यांतल्या इमोजींचे अर्थ समजावतो. तपास अधिकाऱ्याला पुराव्याचा अर्थ लावून देतो तो त्याचा स्वतःचा मुलगा, तोही अवघडत, बापाची लाज राखत. भाग संपताना कॅमेरा ड्रोनला जोडला जातो, गावावरून उडत जातो आणि खुनाच्या जागी फुले ठेवायला आलेल्या एडीच्या चेहऱ्यापाशी उतरतो. तंत्राची ही झेप अखेर एका बापाच्या चेहऱ्यावर येऊन थांबते, हे दिग्दर्शक फिलिप बॅरान्टिनींचे औचित्य.

तिसरा भाग म्हणजे मैफलीतला बडा ख्याल. एक खोली, एक टेबल, जेमी आणि मानसतज्ज्ञ ब्रायनी. जेमीच्या भूमिकेत पडद्यावर प्रथमच आलेल्या ओवेन कूपरने मालिकेत सर्वांत आधी याच भागाचे चित्रण केले, हे कळल्यावर थक्क व्हायला होते. लाघवी, चिडका, धमकावणारा आणि पुन्हा केविलवाणा, ही स्थित्यंतरे तो सांधा दिसू न देता करतो. मध्येच त्याने दिलेली जांभईही संहितेतली नव्हती. ब्रायनी झालेल्या एरिन डोहर्टीने ती चालू दृश्यातच अलगद झेलली. ब्रायनीने आणलेले सँडविच नावडते असूनही जेमी त्याचा घास घेतो. तो गेल्यावर ते उष्टे सँडविच उचलायला तिचा हात धजत नाही. ब्रायनीच्या मनातली भीती आणि शिसारी सांगायला इथे एका शब्दाचीही गरज लागत नाही.

याच भागात जेमी ओघात सांगून जातो: फुटबॉल खेळताना आपण चुकलो की बाबा नजर वळवायचे. चौथ्या भागात, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, एडी पत्नी मँडापाशी तेच कबूल करतो. आपल्या बापासारखा मार द्यायचा नाही, हे व्रत त्याने पाळले. मुलगा खोलीत संगणकापुढे आहे म्हणजे सुरक्षित आहे, असे दोघांनी मानले. एकच आठवण मुलाकडून आणि बापाकडून अशी दोनदा येते, आणि दोन प्रसंग वेगवेगळ्या भागांत असूनही तो धागा कोणी बोट दाखवून दिल्याशिवाय जुळतो. कॅमेऱ्याने जवळपास चार तास नजर का हटवली नाही, याचे उत्तर तिथे मिळते. इतकी नेमकी बांधणी करूनही लेखक आईबापांना दोषी ठरवत नाहीत की निर्दोष सोडत नाहीत. या मालिकेची खरी श्रीमंती या संयमात आहे.