इनामगांवची पांढर आणि डॉ. ढवळीकर

ज्या समाजाला लेखनकला अवगत नव्हती त्याचा इतिहास लिहिण्यांत डॉ. मधुकर केशव ढवळीकर (१९३०–२०१८) यांच्या आयुष्याचा मोठा भाग खर्ची पडला. कागदाच्या आधारावांचून एक पाऊलहि पुढें न टाकण्याची ज्यांना संवय आहे, अशा आमच्या वाचकांस हा उद्योग प्रथमदर्शनीं धाडसाचा वाटेल. तो तसा आहेहि. परंतु आपल्याच दप्तरांतील एका जोडशब्दानें त्याचें स्वरूप सांगतां येतें. महजरांत व वतनपत्रांत ‘काळी व पांढरी’ हे शब्द वारंवार येतात. काळी म्हणजे पिकाऊ जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा, एवढा अर्थ लावून आपण पुढें जातों. वस्तीची माती पांढरी कां, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं. चुलींची राख, शेण, पडलेल्या भिंतींचा चिखल हीं शतकानुशतकें एकावर एक सांचून तो रंग येतो. पांढर ही एका अर्थीं गांवाची न लिहिलेली बखरच होय, आणि ती वाचण्यांत ढवळीकरांचा हातखंडा होता.

त्यांच्या अभ्यासाचा आरंभ मात्र पांढरींत झाला नाहीं. केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्यांत असतांना त्यांचें लक्ष लेण्यांकडे व शिल्पांकडे होतें. सांचीवरील त्यांचा ग्रंथ १९६५ सालीं व अजिंठ्यावरील १९७३ सालीं निघाला. या दोहोंत देवतांपेक्षां त्या काळच्या माणसांचीं वस्त्रें, अलंकार, भांडीं व आसनें यांचीच चौकशी अधिक आहे. चित्रांतील राजपुत्राकडे न पाहतां त्याच्या शेजारच्या घागरीकडे पाहणारा हा डोळा पुढें डेक्कन कॉलेजांत आला आणि तेथें त्याला योग्य तें काम मिळालें.

तेथील भूमि डॉ. हसमुख सांकळियांनीं आधींच नांगरून ठेविली होती. १९५०–५१ सालीं नगर जिल्ह्यांतील जोर्वें येथें त्यांनीं व डॉ. शां. भा. देवांनीं उत्खनन केलें आणि तांबड्या भांड्यांवर काळ्या रंगाची नक्षी काढणाऱ्या त्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला त्याच गांवाचें नांव मिळालें. पुढें नेवाशास १९५४ पासून जें काम झालें त्यानें प्रवरेच्या कांठचा मनुष्य इतिहासांतून प्रागितिहासांत मागें मागें नेला. परंतु या बहुतेक उत्खननांचा हेतु थरांचा क्रम ठरविण्याचा होता. उभा खड्डा घ्यावा, वरून खालीं कोणती वस्ती कोणत्या वस्तीवर बसली हें पाहावें, आणि थांबावें. अशा खड्ड्यांतून शकावळी मिळते, गांव मिळत नाहीं.

गांव मिळालें तें इनामगांवास. शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या उजव्या तीरावर, पुण्यापासून पूर्वेस सुमारें ऐशीं किलोमीटरांवर हें स्थळ आहे. सांकळिया, ढवळीकर व झैनुद्दीन अन्सारी यांनीं १९६८ पासून १९८३ पर्यंत बारा मोसम तेथें काढले व उभ्या खड्ड्याऐवजीं आडवी जमीन उघडली. इ. स. पूर्व १६०० ते ७०० या नऊशें वर्षांतील सव्वाशेंहून अधिक घरें व दोनशेंहून अधिक दफनें हातीं आलीं. माळवा, पूर्व जोर्वे व उत्तर जोर्वे असे या वस्तीचे तीन कालखंड. पहिल्या दोहोंत चौकोनी, प्रशस्त घरें, जवाची शेती, नदीचें पाणी वळविण्यासाठीं पाट व बंधारा. तिसऱ्यांत लहान, गोल झोपड्या. मेलेलें मूल दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवीत व घरांतच जमिनीखालीं पुरीत. प्रौढांस पुरतांना त्यांचीं पावलें घोट्यांपासून तोडलेलीं असत. एका घराच्या जमिनीखालीं झांकण घातलेल्या मातीच्या पात्रांत शिर नसलेली स्त्रीमूर्ति व तिच्यासमवेत बैल सांपडला. बियांची परीक्षा काजळे यांनीं, नदीच्या गाळाची राजगुरु यांनीं, सांगाड्यांची लुकाक्स व वाळिंबे यांनीं केली. १९८८ सालीं उत्खननाचा जो वृत्तान्त प्रसिद्ध झाला त्यांत हें सर्व नकाशांसह आहे. आपल्या देशांत कित्येक उत्खननांचे वृत्तान्त खणणाऱ्याच्या हयातींत बाहेर पडत नाहींत, हें लक्षांत घेतां एवढ्या एका गोष्टीसाठींहि ढवळीकर व त्यांचे सहकारी यांचे उपकार मानले पाहिजेत.

येथपर्यंत मूळ संहिता झाली. आमची तक्रार आहे ती टीकेविषयीं.

इनामगांवांत एक घर पांच खोल्यांचें निघालें, व त्याच्या शेजारीं धान्याचीं पेवें व कणग्यांचे ओटे असलेली इमारत निघाली. यावरून ढवळीकरांनीं त्या घरांत गांवाचा नायक राहत असे, शेजारचें कोठार सार्वजनिक असे व त्यांत रयतेकडून आलेला धान्याचा भाग सांठवीत, असें ठरविलें. एका पांच खोल्यांच्या घराच्या अंगणांत चार पायांच्या मोठ्या रांजणांत बसविलेल्या एका पुरुषाचें दफन मिळालें. त्याचीं पावलें तोडलेलीं नव्हतीं. तोहि नायकच ठरला. पुढें नायकी वंशपरंपरेची होती, पाटाचें पाणी तोच वांटीत असे, असें चित्र पुरें झालें. हें चित्र अशक्य आहे असें आमचें म्हणणें नाहीं. इतरांपेक्षां निराळ्या रीतीनें पुरलेला मनुष्य कोणीतरी विशेष होता, हें आम्ही मान्य करूं. परंतु मोठें घर मोठ्या कुटुंबाचेंहि असतें, धान्याचें कोठार भाऊबंदांच्या सामाईक मालकीचेंहि असतें, आणि विशेष मनुष्य हा गांवचा भगत किंवा पुजारीहि असूं शकतो. पाटील, वतन व सारा हीं ज्या मराठी मनांत मुरलेलीं आहेत त्याला तीन हजार वर्षांपूर्वींच्या गांवांतहि पाटलाचा वाडा दिसावा, हें स्वाभाविक आहे. म्हणूनच तेथें अधिक जपून चालावयास हवें होतें. कोरड्या वृत्तान्तांत ‘असावा’ असलेलें क्रियापद सामान्य वाचकांसाठीं लिहिलेल्या पुस्तकांत ‘होता’ होऊन बसतें, हा दोष ढवळीकरांच्या सुबोध लेखनांत एकदां नव्हे, अनेकदां आढळतो.

दुसरा व अधिक महत्त्वाचा मुद्दा अवर्षणाचा. इ. स. पूर्व १००० च्या सुमारास हवामान कोरडें झालें, शेती बुडाली, चौकोनी घरांच्या जागीं झोपड्या आल्या आणि अखेर लोक शेळ्यामेंढ्या घेऊन भटके झाले, हा ढवळीकरांचा सिद्धान्त. त्याच्या पुष्टीसाठीं त्यांनीं नाईल नदीच्या पुरांचे आंकडेहि वापरले, कारण ते पूर व आपला मोसमी पाऊस यांचा संबंध आहे. उत्तरायुष्यांत तर भारताच्या साऱ्या इतिहासाचे चढउतार त्यांनीं पावसाच्या मापानें मोजूं पाहिले. इनामगांवचे खड्डे उघडे होते त्याच काळांत १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्रावर कोसळला. त्या वर्षांचा ठसा या सिद्धान्तावर उमटला असावा, असा आमचा तर्क आहे, पुरावा नाहीं.

या सिद्धान्तास खरा धक्का दिला तो इनामगांवच्याच हाडांनीं. ग्वेन रॉबिन्स शुग या विदुषींनीं नेवासें, दायमाबाद व इनामगांव येथील बालकांच्या सांगाड्यांचा अभ्यास करून २०११ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. उत्तर जोर्वे काळांतील मुलांची वाढ खुंटलेली होती, म्हणजे गांवावर ताण आला होता, हें त्यांनाहि दिसलें. परंतु हवामान त्याच वेळीं एकाएकीं बिघडलें हें गृहीत त्यांनीं नाकारलें, आणि जन्मांचें प्रमाण घटल्याऐवजीं वाढल्याचें दाखविलें. म्हणजे पाऊस हें एकच कारण पुरेसें नाहीं. जमिनीचा वापर, अन्न व वाढती तोंडें यांचा हिशेब निराळा मांडावा लागतो. लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, हा आक्षेप ज्या सांगाड्यांवर उभा आहे ते ढवळीकर व त्यांच्या सोबत्यांनींच नीट जपून, क्रमांक घालून ठेविले होते.

आम्ही विट्यास राहतों, त्यामुळें या वादांत तटस्थ राहणें आम्हांस कठीण जातें. खानापूर तालुका पर्जन्यछायेंतला; येरळेचें पात्र वर्षाचे बरेच महिने वाळूचें. दुष्काळानें माणसें हलतात हें आम्हांस पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. परंतु तीं कशीं हलतात? येथलीं कुटुंबें सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यानें हिंदुस्थानभर पांगलीं. त्यांनीं गांव सोडलें, पण घर मोडलें नाहीं. पैसा येथें आला, वाडे येथें उठले, जत्रेला सारे परत येतात. दोन हजार वर्षांनंतर कोणी संशोधक विट्याची पांढर खणील तर त्याला दुष्काळाच्या थरावर झोपड्या न मिळतां माड्या मिळतील. ताम्रपाषाणयुगांत गलाई नव्हती हें उघड आहे, आणि हा दाखला इनामगांवास जसाच्या तसा लावण्याचा आमचा हेतु नाहीं. कोरडी हवा व ओस गांव यांच्यामध्यें माणसाची युक्ति उभी असते, आणि ढवळीकरांच्या सिद्धान्तांत तिला जागा फार थोडी आहे, एवढेंच आमचें म्हणणें.

इनामगांवाइतक्या विस्तारानें उघडलेलें दुसरें गांव जोंपर्यंत तुलनेला नाहीं तोंपर्यंत हा वाद मिटावयाचा नाहीं. आणि पांढरी तर झपाट्यानें नाहींशा होत आहेत. ती माती खत म्हणून शेतांत व लेप म्हणून धाब्यांवर गेली, उरली ती यंत्रांनीं सपाट होत आहे. येथें हस्तलिखितांच्या संग्राहकांस करण्याजोगें कांहीं काम आहे. जमीनझाडे, इनामपत्रें व हद्दमहजर यांत शेतांचीं व शिवारांचीं नांवें येतात. ‘पांढरीचें शेत’, ‘जुनें गांवठाण’, ‘ओसाड गांव’ अशीं नांवें जेथें आढळतील तेथें तीं चतुःसीमेसह निराळीं टिपून ठेवावीं. कऱ्हाडापासून विट्यापर्यंतच्या, कृष्णा व येरळा यांच्या कांठच्या गांवांच्या कागदांपासून आम्ही हें टिपण सुरू केलें आहे. ज्यांच्या संग्रहीं या भागांतील दप्तरें असतील त्यांनीं त्यांतील अशा उल्लेखांच्या नकला धाडाव्या.