जीपीएस अंतर फुगवतं, पण घाटात ते कापतंही

मागे इथेच मी अगदी ठामपणे लिहिलं होतं की जीपीएस अंतर नेहमी जास्तच दाखवतं. त्यानंतर एका वाचकाने कळवलं की तो आता प्रत्येक राइडमधून एक टक्का वजा करूनच वहीत नोंद करतो. तेव्हापासून मला टोचणी लागली आहे. कारण ज्या शोधनिबंधाच्या भरवशावर मी ते लिहिलं, त्याचं शीर्षक मी नीट वाचलं होतं, त्यातली अट नाही. म्हणून आज तोच निबंध पुन्हा, यावेळी सायकलवरून.

निबंध पीटर रानाखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ जिऑग्राफिकल इन्फर्मेशन सायन्स'मध्ये २०१६ साली आलेला. शीर्षकाचा अर्थ साधारण असा: जीपीएस अंतरं असतात त्यापेक्षा मोठी का करतं.

त्यातली मूळ कल्पना फार सुंदर आहे, ते आधी सांगते. तुम्ही सरळ रस्त्यावर ताशी २५ किलोमीटरने जाताय, म्हणजे सेकंदाला सुमारे ७ मीटर. यंत्र दर सेकंदाला एक बिंदू नोंदवतं आणि बिंदू जोडून अंतर काढतं. बिंदू रस्त्याच्या दिशेने पुढेमागे सरकला तर एका तुकड्यात वाढलेलं पुढच्यात कमी होतं, हिशेब जवळपास फिटतो. पण बिंदू आडवा सरकला, डावीकडे काय किंवा उजवीकडे काय, तर रेघ तिरकी होते आणि तिरकी रेघ सरळ रेघेपेक्षा लांबच असते. आडवा फरक १ मीटरचा असेल तर ७ चे ७.०७ होतात, म्हणजे एक टक्का जास्त. (त्या वाचकाचा एक टक्का इथूनच आला, माझ्याच उदाहरणातून!) चालणाऱ्या माणसाचं याहून वाईट: सेकंदाला १.४ मीटर धरले तर तेवढ्याच चुकीने १.७२ होतात. चूक दोन्ही बाजूंना सारखी असूनही परिणाम एकाच बाजूला झुकतो. हे गणितात बसवून दाखवणं हे या निबंधाचं खरं काम, आणि ते पक्कं आहे.

मग आपली यंत्रं इतकं फुगवत का नाहीत? कारण लागोपाठच्या दोन सेकंदांच्या चुका एकमेकींसारख्या असतात. दोन्ही बिंदू ५ मीटर पूर्वेकडे सरकलेले असले तर त्यांच्यामधल्या अंतराला काही फरक पडत नाही. आडवा फरक मीटरऐवजी १० सेंटिमीटरचा राहिला, तर वाढ टक्क्याच्या शंभराव्या भागाइतकीच. या सारखेपणाला लेखक सी म्हणतात आणि त्यालाच माहितीच्या दर्जाचं माप मानावं असं सुचवतात.

इथे माझी पहिली तक्रार. अंतरासाठी सी जास्त असणं चांगलंच, पण अख्खा मार्ग शेजारच्या शेतातून गेलेला दिसत असला तरी सी उत्तम येऊ शकतो. शिवाय यंत्र आतल्या आत बिंदू गुळगुळीत करतं, तेव्हाही शेजारच्या चुका एकमेकींसारख्या होतात. मग आपण उपग्रहाचा दर्जा मोजतोय की यंत्रातल्या इस्त्रीचा? 'दर्जा' हा शब्द मला इथे जरा जड वाटतो.

दुसरी तक्रार शीर्षकाबद्दल, आणि ती माझ्यावरही आहे. हा सगळा निष्कर्ष एका अटीवर उभा आहे: दोन बिंदूंमधला खरा रस्ता सरळ मानता आला पाहिजे. लेखकांनी ती अट सारांशातच स्पष्ट दिली आहे. शीर्षकात मात्र ती नाही आणि आमच्यासारखे घाईतले लोक शीर्षकच लक्षात ठेवतात. आता घाट उतरताना बघा. ताशी २५ म्हणजे सेकंदाला सुमारे ७ मीटर. वळणाची त्रिज्या १० मीटर धरली तर चाक ७ मीटर कमान कापतं, पण यंत्र सरळ जोडून ६.८६ मीटरच मोजतं. त्या वळणापुरते दोन टक्के गायब! तेच वळण ताशी १० ने चढताना तोटा अर्ध्या टक्क्याच्याही आत येतो. चढताना वेग कमी, म्हणून फुगण्याला वाव जास्त. उतरताना कापणं जास्त. त्यात यंत्र फक्त आडवं अंतर मोजत असेल, तर ७ टक्के चढावर आणखी पाव टक्का कमी भरतो. म्हणून एकाच घाटाची चढतानाची आणि उतरतानाची लांबी जुळली नाही, तर यंत्र बिघडलंय असं लगेच समजू नका.

'मग चाकावरचा सेन्सर लावा' असं कोणीतरी म्हणणारच. चाक वळणं कापत नाही हे खरं. पण त्याला परिघ सांगावा लागतो. ७०० बाय २८ टायरसाठी तक्त्यात २१३६ मिलिमीटर असतं. हवा कमी-जास्त झाली, वजन बदललं की ते बदलतं. परिघात १ सेंटिमीटरची चूक म्हणजे २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेत जवळपास एक किलोमीटर. आणि हल्लीचे बरेच सेन्सर परिघ जीपीएसवरूनच आपोआप ठरवतात, म्हणजे ज्याची साक्ष तपासायची त्यालाच न्यायाधीश केलं.

मॅरेथॉनचा मार्ग प्रमाणित करताना अजूनही सायकलच वापरतात. चाकाशेजारी जोन्स काउंटर लावतात, स्टीलच्या टेपने मोजलेल्या, निदान ३०० मीटरच्या सरळ पट्ट्यावर मोजणीआधी चार फेऱ्या मारतात आणि मोजणीनंतर पुन्हा चार, कारण मधल्या काळात ऊन वाढून टायर फुगलेला असतो. एवढं करूनही मार्ग अपुरा भरू नये म्हणून हजारात एक भाग वाढवतात, मॅरेथॉनला सुमारे ४२ मीटर. घड्याळ ४२.६ दाखवतं म्हणून आयोजकांशी भांडणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

घरच्यासाठी एवढं करायची गरज नाही. टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करा, सायकलवर बसूनच (हे महत्त्वाचं, वजनाने टायर दबतो) चाकाचे पाच फेरे सरळ रेषेत जाऊ द्या, टेपने मोजून पाचाने भागा. तो आकडा यंत्रात स्वतः भरा आणि आपोआप ठरवण्याची सोय बंद करा. जीपीएसवरच राहायचं असेल तर निदान नोंद दर सेकंदाला ठेवा, आणि सिग्नलवर थांबल्यावर आपोआप थांबणारी सोय चालू ठेवा. उभ्या सायकलचा बिंदूही इकडेतिकडे भटकत असतो.

आणि तो एक टक्का. सपाट रस्त्यावर, मोकळ्या आकाशाखाली तो वजा करणं म्हणजे बहुधा न झालेल्या चुकीची दुरुस्ती आहे आणि घाटात तर उलट्या दिशेची. जुन्या नोंदींत तो परत मिळवा. वहीची पानं खराब होतील, त्याबद्दल माफी.