अजिंठ्याच्या चित्रांची विलायतयात्रा : प्रतिकृतींच्या मूल्याचा विचार

स्पॅनिश अमलातील मेक्सिको व पेरू येथील धार्मिक चित्रे युरोपात गेली ती मूळ रूपात. परतणारे अधिकारी व व्यापारी आपल्या गावच्या चर्चला ग्वादालुपेच्या मातेची चित्रे अर्पण करीत. रंगविलेले कापड गुंडाळून जहाजावर चढविणे सुलभ होते. अजिंठ्याची चित्रे मात्र मातीच्या गिलाव्यावर, चुन्याच्या पातळ थरावर रंगविलेली आहेत. त्यांचे तुकडे काढून नेण्याच्या प्रयत्नांतून नासधूसच अधिक झाली. विलायतेस गेल्या त्या मुख्यतः प्रतिकृती.

रॉबर्ट गिल यांची या कामी १८४४ मध्ये कंपनी सरकारने नेमणूक केली. त्यांच्या तैलरंगातील प्रतिकृती सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. १८६६ च्या आगीत त्यांपैकी बहुतेक जळाल्या. पुढे १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी यांनी सुमारे ३०० चित्रे तयार केली. तीही दक्षिण केन्सिंग्टन येथे गेली व १८८५ च्या आगीत त्यांपैकी अनेक नष्ट झाली. १८९६-९७ मध्ये ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला. युरोपीय अभ्यासकांस अजिंठ्याचा परिचय झाला तो बव्हंशी त्याच्या द्वारे.

या प्रतिकृतींत रेषेची निष्ठा आहे, यात संशय नाही. परंतु मुळातील रंग कोरड्या पृष्ठावरचे व निस्तेज चमकेचे. तैलरंगाने त्यांस परकी झळाळी आली. याहून मोठी हानी चौकटीने केली. सतराव्या लेण्यातील विश्वंतर जातकात एक प्रसंग दुसऱ्यात मिसळत भिंतभर पसरतो. पाहणाऱ्याने चालत चालत कथा वाचावी, अशी ती योजना आहे. चौकोनी कापडावर तिचे सुटे देखावे झाले. उपासनेचे चित्र संग्रहालयाची वस्तू बनले ते येथेच.

प्रतिकृतींची किंमत भिंतींनाही मोजावी लागली. रंग स्पष्ट दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर वॉर्निश चढविले गेले; ते कालांतराने पिवळे पडले. तथापि जेथे भिंतीवरील रंग आता गळून गेला आहे, तेथे वाचलेल्या कापडांची साक्ष अमोल ठरते. म्हणून त्यांस मूळ चित्रांचा पर्याय न मानता एका विशिष्ट काळातील दृष्टीचा पुरावा मानणे हेच न्याय्य होय.