आडनावाची ढाल की वतनाची निशाणी? : बारामती-इंदापूर परिसराच्या संदर्भात कुलचिन्हांची चिकित्सा

प्रस्तावना

मराठी कुळांच्या इतिहासलेखनात देवक, निशाण, मुद्रा आणि कुलचिन्ह हे शब्द अनेकदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. शहाण्णव कुळींच्या छापील तक्त्यांत कुळ, वंश, गोत्र, देवक, निशाण, वारू असे रकाने एकाच ओळीत मांडलेले असतात. हे तक्ते परस्परांशी जुळत नाहीत, ही बाब वेगळीच. आता त्यांच्या जोडीला आडनाव कोरलेली, ढालीच्या आकाराची बोधचिन्हे लग्नपत्रिकांवर, मोटारींच्या काचांवर आणि घरांच्या प्रवेशद्वारांवर दिसतात. आडनाव हे अशा चिन्हाचे धारक होऊ शकते काय, हा प्रस्तुत लेखातील मूळ प्रश्न आहे. भीमा, नीरा आणि कऱ्हा या नद्यांच्या काठचा इंदापूर-बारामतीचा मुलूख या चिकित्सेस विशेष उपयुक्त ठरतो. मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईत पडले; सुपे परगणा शहाजीराजांच्या जहागिरीत होता; आणि उत्तर पेशवाईत बारामती हे सावकारी व काव्य या दोहोंचे केंद्र होते.

आडनावाची अस्थिरता

ढालीवरील चिन्हास स्थिर आडनाव गृहीत धरावे लागते. इतिहास मात्र हे गृहीत मान्य करीत नाही. ज्यांच्या घराण्यात पहिल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई दिली होती ते बाबूजी नाईक बारामतीकर मूळचे जोशी. जोशी हे वृत्तीचे नाव, नाईक हा किताब आणि बारामतीकर ही ग्रामओळख; तिन्ही नावे एकाच घराची. होळकर हे नाव नीरेकाठच्या होळ गावावरून पडले. नाईकांच्या आश्रयाने बारामतीस राहिलेले कवी मोरोपंत (१७२९-१७९४) आडनावाने पराडकर, जन्माने पन्हाळ्याचे, आणि काव्यातील नाममुद्रेने ‘मयूर’. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, पाटील ही तर अधिकारपदेच होत. दुसरीकडे शिंदे, जाधव, मोरे, गायकवाड ही आडनावे मराठा समाजाप्रमाणेच अन्य अनेक जातींतही आढळतात. अशा स्थितीत ‘शिंदे यांचे कुलचिन्ह’ या शब्दप्रयोगातील शिंदे कोण, याचे उत्तर ढाल देत नाही. बहुधा ती एका घराण्याचे वैभव सर्वांच्या नावे लिहिते आणि त्याच वेळी बहुतेकांना त्यातून वगळते.

देवक : विवाहाची मर्यादा

कुलचिन्हाचा देशी पर्याय म्हणून देवकाचे नाव प्रथम घेतले जाते. आर. ई. एन्थोवेन यांच्या मुंबई इलाख्यातील जाती-जमातींवरील ग्रंथाचे तीन खंड १९२० ते १९२२ या काळात प्रसिद्ध झाले. त्यात विविध जातींच्या देवकांची विस्तृत नोंद आहे. कळंब, वड, उंबर, शमी, पंचपल्लव, मोराचे पीस, शंख, तर काही कारागीर जातींत धंद्याचे हत्यार अशी ही देवके आहेत. त्यांची स्थापना लग्नापूर्वी मांडवात होते. समान देवक असलेल्या घरांत सोयरीक होत नाही, हा त्यामागील नियम. म्हणजेच देवकाचे कार्य मिरविण्याचे नसून मर्यादा घालण्याचे आहे. ते दारावर टांगले जात नाही; कार्यापुरते आणले जाते, पुजले जाते आणि कार्य संपल्यावर विसर्जित होते.

या दृष्टीने मोराचे उदाहरण बोलके आहे. मोरे कुळाचे देवक म्हणून मोराचे पीस सांगितले जाते. तेथे तो पक्षी सोयरिकीची सीमा दाखवितो. बारामतीच्या मोरोपंतांनी तोच पक्षी स्वतःच्या नावावरील श्लेषातून निवडला; तेथे तो कर्तृत्वाची खूण आहे. ढालीवर बसविलेला मोर यांपैकी कोणतेही कार्य करीत नाही. तो केवळ आडनावातील ध्वनीचे चित्र असतो.

मुद्रा आणि निशाणी : उत्तरदायित्वाची खूण

शिवाजी महाराजांची अष्टकोनी राजमुद्रा चित्रमय नसून अक्षरमय आहे. प्रतिपदेच्या चंद्राची उपमा तीत शब्दांतून येते, आणि मुद्रा लोककल्याणासाठी असल्याचे सांगितले जाते. रांझ्याच्या पाटलासंबंधीच्या १६४६ च्या प्रसिद्ध पत्रावर ती आढळते. तेथे ती न्यायनिवाड्यास प्रामाण्य देते. पेशव्यांच्या मुद्रेत आधी छत्रपतींचे नाव येते व नंतर प्रधानाचे. म्हणजे ती घराण्याची नव्हे, पदाची मुद्रा होय.

युरोपीय कुलचिन्हाशी खरी तुलना करावयाची, तर ती गावगाड्यातील निशाणीशी करावी लागेल. महजरासारख्या कागदांवर साक्ष देताना पाटील नांगराची निशाणी करी, शेटे तराजूची, आणि सुतार, लोहार, चांभार आपापल्या हत्याराची. पाटिलकीची वाटणी वा विक्री झाली म्हणजे कागदावर आधी कोणाचा नांगर, हा मानाचा आणि प्रसंगी तंट्याचा विषय होई. येथे चिन्ह आहे, परंपरा आहे, मानपानही आहे. मात्र चिन्हाचा धारक आडनाव नसून वतन आहे. निशाणी करणारा आपल्या साक्षीस बांधला जाई. शिवाय या चिन्हव्यवस्थेत नांगराबरोबर रापीलाही स्थान होते. मात्र ही व्यवस्था समतेची नव्हती. वतनाची उतरंड तीत स्पष्ट दिसते, तरीही बलुतेदाराची साक्ष तीतून पुसली जात नव्हती.

ढालीचे आगमन

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबारात राणी व्हिक्टोरिया यांच्या सम्राज्ञीपदाची घोषणा झाली. त्या निमित्ताने संस्थानिकांना कुलचिन्हांकित ध्वज देण्यात आले. मराठी संस्थानिकही त्यांत होते. चिन्हांची रचना बंगालमधील सनदी अधिकारी रॉबर्ट टेलर यांनी युरोपीय धर्तीवर केली. बर्नार्ड कोहन यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात या समारंभाची चिकित्सा करून, संस्थानिकांचा इतिहास ब्रिटिश सत्तेशी जोडण्याचे साधन म्हणून ही चिन्हे कशी योजिली गेली हे दाखविले. त्यापूर्वीची पद्धती भिन्न होती. अहिल्याबाईंच्या काळातील महेश्वरच्या रुपयावर शिवलिंग व बेलपान आहे, तर लेख मोगल बादशहाच्या नावाचा. श्रद्धा आणि सार्वभौमत्व यांची ही गुंतागुंत एका ढालीत मावणारी नव्हती.

विशेष म्हणजे खुद्द इंग्लंडमध्येही आडनावाला कुलचिन्ह नसते. १४८४ मध्ये स्थापन झालेल्या तेथील कुलचिन्ह संस्थेच्या नियमानुसार ते विशिष्ट व्यक्तीस व तिच्या वंशजांसच मिळते. म्हणजे आडनावाची ढाल देशी परंपरेला धरून नाही, आणि विदेशी परंपरेलाही नाही.

निष्कर्ष

नव्या चिन्हांची निर्मिती करण्याचा अधिकार प्रत्येक समाजास आहे. १९६२ च्या अधिनियमाने महसुली पाटीलपद रद्द झाल्यावर नांगराच्या निशाणीमागचे पदच उरले नाही. प्रतिष्ठेची गरज मात्र उरली. ढालीची बोधचिन्हे ही या गरजेची साधने होत, आणि वर्तमानाच्या अभ्यासात त्यांना मूल्य आहे. त्यांना मध्ययुगीन पुरावा मानणे मात्र पद्धतिशास्त्राच्या दृष्टीने सदोष ठरते. महाविद्यालयांच्या स्थानिक इतिहास प्रकल्पांत विद्यार्थी छापील तक्त्यांतील रकाने उतरवून आणतात, तेव्हा गावातील एका घराण्याची कथा साऱ्या गावाची होते आणि रापी-तराजूच्या निशाण्या नोंदीबाहेर राहतात. त्याऐवजी जुन्या घरांतील महजर, करीने, वाटणीपत्रे यांवरील निशाण्यांची नोंद आणि लग्नमांडवातील देवकांची जातनिरपेक्ष पाहणी हाती घेतल्यास या परिसराच्या सामाजिक इतिहासास अधिक विश्वसनीय साधनसामग्री मिळेल. प्रत्येक चिन्हाविषयी ते कोणाचे, या प्रश्नाआधी ते कोणत्या कार्यासाठी होते, हे विचारणे अगत्याचे आहे.