रेडिएटरचं झाकण: धरणं आणि सोडणं

उज्जैनच्या रस्त्यांवर जुनी मारुती ८०० अजून दिसते. १९८३ साली आलेली आणि २०१४ साली बनणं थांबलेली ही गाडी. तिच्यातली सर्वांत सुरेख रचना कोणती, असं मला विचारलं तर मी बॉनेट उघडून रेडिएटरचं झाकण दाखवीन. झिजलेलं झाकण बदलताना जुनं आणि नवं शेजारी ठेवावं, म्हणजे या रचनेचं मर्म उलगडतं.

नवं झाकण उलटं धरून पाहा. वर पत्र्याची टोपी, तिला आत वळवलेले दोन कान. खाली दणकट स्प्रिंग, तिच्या टोकाला रबरी वायसर आणि वायसरच्या मधोमध धातूची छोटी चकती. ही चकती नखानं हलकेच ओढली तर खाली येते, सोडली की जागेवर बसते. माथ्यावर आकडा ठसवलेला असतो: ०.९. दर चौरस सेंटिमीटरला ०.९ किलो दाब होईपर्यंत स्प्रिंग जागची हलणार नाही. त्यापुढे ती उचलली जाईल आणि जादा पाणी बाजूच्या नळीनं बाटलीत जाईल.

या आकड्याची किंमत उज्जैनमध्ये जास्तच कळते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४९० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथं उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. मे महिन्याच्या दुपारी, बायजाबाई शिंद्यांनी बांधलेल्या गोपाळ मंदिरासमोरच्या गर्दीत गाडी पावलापावलानं सरकत असते. समोरून वारा नाही, सगळी भिस्त पंख्यावर. इंजिनातलं पाणी सहज पंचाण्णवच्या पुढे जातं. झाकण निकामी असेल तर उकळी दोन-तीन अंशांवर येऊन ठेपलेली असते. तेच झाकण शाबूत असेल तर साधं पाणीही ११७-११८ अंशांपर्यंत उकळत नाही. कुकरचं तत्त्व तेच, पण हेतू उलटा: कुकर दाब धरतो तो जास्त तापमानावर अन्न शिजावं म्हणून, हे झाकण दाब धरतं ते उकळी फुटूच नये म्हणून.

मला खरी मोहिनी पडते ती मधल्या चकतीची. गाडी बंद झाली की पाणी निवतं, आकसतं आणि रेडिएटरमध्ये पोकळी तयार होते. तेव्हा मोठी स्प्रिंग काहीच करू शकत नाही. ही चकती अलगद उघडते आणि बाटलीत गेलेलं पाणी परत आत ओढलं जातं. बाहेर टाकणं आणि परत घेणं, दोन्ही कामं एकाच मुठीएवढ्या वस्तूत, कुणी हात न लावता, रोज घडतात.

आता जुनं झाकण घ्या. रबर कडक झालेलं, त्यावर गोल चर पडलेली, स्प्रिंगवर गंज, चकती क्षारांनी चिकटलेली. गाडीखाली थेंब नसतो, तरी पाणी कमी होत जातं. चकती अडकली असेल तर सकाळी वरचा रबरी पाइप आत चेपलेला दिसतो. या खुणा वाचता आल्या तर उगाच थर्मोस्टॅट बदलावा लागत नाही.

बदलण्याची रीतही या रचनेला शोभेशी आहे. इंजिन पूर्ण गार हवं. गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही. जाड फडकं धरून डावीकडे फिरवलं की झाकण पहिल्या खाचेत थांबतं. उरलासुरला दाब निघून जावा म्हणून केलेली ही सोय आहे. मग दाबून पुन्हा फिरवायचं आणि उचलायचं. रेडिएटरच्या तोंडाची आतली कड पुसून स्वच्छ करावी; तिथं क्षार राहिले तर नवं रबरही गळू देतं. नव्या झाकणावरचा आकडा जुन्याचाच हवा, आणि खोलीही तीच. आकडा वाढवल्यानं गाडी थंड राहत नाही; वाढीव दाबाचा भार जुने पाइप आणि रेडिएटरचे सांधे यांच्यावर पडतो.

घट्ट बसणारी झाकणं पुष्कळ असतात. नेमकं किती धरायचं आणि कुठं सोडायचं हे ठरवून घडवलेलं झाकण मात्र सबंध इंजिन राखतं. म्हणून जुन्या गाडीचं पाणी तपासताना झाकणाचं रबरही दर वेळी पाहावं, आणि ते कडक लागलं तर उन्हाळ्याची वाट न पाहता बदलावं.